पासपोर्ट सेवकाच्याच हातात राहू द्या : खानदेशातल्या मंडळ्यांना आणि मिशन संस्थांना खुलं पत्र

प्रति,
धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि वडीलमंडळ,
तसंच आपल्या मुलामुलींना सेवेसाठी परदेशी पाठवणाऱ्या मिशन संस्थांच्या कार्यकारिणी

प्रभूमध्ये सलाम.

मी नवापूरची. 2017 ते 2019 अशी दोन वर्षं थायलंडच्या उत्तरेला, मे सारियांग गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात, मुलांच्या वसतिगृहात सेवा करून आले. तुमच्यापैकी काहींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. पाठवणीला शाल दिलीत, नवीन बायबल दिलंत, तिकिटाचे पैसे अर्पणातून उभे केलेत. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे पत्र लिहायला सहा वर्षं लागली. ज्यांनी हातावर पैसे ठेवले त्यांना जाब कसा विचारायचा, या संकोचात गेली ही वर्षं.

पाठवणीच्या जेवणाला माझी आई पंगतीत बसली होती. वाढणं चालू असताना तिने मोठ्याने विचारलं, ''बाय, तुना कागद तठे कोनाजोडे ऱ्हाई?'' म्हणजे, तुझा कागद तिथे कोणाजवळ राहील? पंगत हसली. पाळकसाहेबही हसले आणि प्रेमानेच म्हणाले, ''ताई, मिशनचं मोठं ऑफिस आहे तिथे. कपाटात अगदी सुरक्षित राहील.'' आई गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, ते मला दिसत होतं.

आईचा बाप साक्री तालुक्यात सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला शेतगडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं, आखाजीलाच नवं धरायचं. उचल किती घेतली, किती फिटली, हे ज्या कागदावर लिहिलेलं तो कागद पाटलाच्या पेटीत. पाटील वाईट नव्हता, आई अजूनही सांगते. पोरांना सणाला कपडे करायचा, आजारपणात गाडी जुंपून द्यायचा. पण आजोबांना एका सालाला दुसरीकडे जायचं होतं, तेव्हा हिशेबाचा कागद काही सापडला नाही. सापडेपर्यंत आखाजी उलटून गेली आणि आजोबा त्याच वाड्यावर राहिले. आईला पासपोर्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कागद दुसऱ्याच्या पेटीत असला की काय होतं, ते मात्र त्या मांडवात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

आता माझं सांगते. चियांग माईच्या विमानतळावर उतरले तेव्हा ऑफिसचा ड्रायव्हर न्यायला आला होता. गाडीत बसायच्या आधी त्याने हात पुढे केला, ''पासपोर्ट.'' मी दिला. त्याच्याकडे माझं नाव लिहिलेलं खाकी पाकीट तयार होतं. संध्याकाळी माझ्या हातात आली ती पहिल्या पानाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. ''हे जवळ ठेवा, पुरतं.'' सगळ्यांचंच तसं होतं. फिलिपिन्सची एक, मिझोरामचे दोघे, कोरियाचं एक जोडपं. नाही, चुकले. कोरियाच्या जोडप्याने दिला नव्हता. त्यांना कोणी मागितलाही नव्हता. हा फरक तेव्हा मला खटकला नाही, इतकी मी नवी होते.

मे सारियांग चियांग माईपासून बसने चारेक तासांवर. तिथून पुढे आमचं वसतिगृह आणखी वर. डोंगर बघून पहिल्याच दिवशी घरची आठवण आली होती. साग तोच, पावसाळ्यात पानांवर वाजणारा आवाज तोच, तिथल्या डोंगरातल्या कॅरेन जमातीच्या बायकांच्या पाठीवरच्या टोपल्या आपल्या बायांच्या टोपल्यांच्या चुलतबहिणी. सेवा चांगली झाली. मुलांना गणित शिकवलं, रात्री तापाने फणफणलेल्यांच्या उशाशी बसले, त्यांची भाषा अर्धीमुर्धी शिकले. दोन वर्षांतले दिवस चांगलेच होते, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला नाराज होऊन पळून आलेली समजू नये.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला राहायची मुदत वाढवून घ्यावी लागते आणि वाढवलेली तारीख पासपोर्टच्या पानावर शिक्क्यात असते. त्याखेरीज दर 90 दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. ही धावपळ ऑफिसने करावी, आम्ही मुलं सांभाळावीत, अशी वाटणी होती. वाईट नव्हती. पहिल्या वर्षी सगळं वेळेवर झालं. दुसऱ्या वर्षी ते काम बघणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिची वही दुसऱ्याकडे आली. मी फोनवर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, ''झालंय, काळजी करू नका.'' खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. वहीत माझ्या वरच्या ओळीपर्यंत खुणा होत्या, माझी ओळ नजरेतून सुटली, एवढंच. पण माझ्या हातात पासपोर्ट असता तर मी त्यांना विचारलंच नसतं. पान उघडून बघितलं असतं.

परत यायच्या दोन आठवडे आधी मी मे सारियांगला औषधं आणायला चालले होते. साँगथेव म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेली पिकअप, आपल्याकडच्या काळीपिवळीचीच बहीण. सीमेकडचा भाग, म्हणून रस्त्यावर तपासणी नाकी असतात. एक कोवळा सैनिक चढला. दाराजवळच्या आजीचं ओळखपत्र बघितलं, मग माझ्याकडे वळला. मी झेरॉक्स दाखवली. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, थाई भाषेत विचारलं, ''पासपोर्ट?'' मी म्हणाले, ऑफिसमध्ये, चियांग माईला. तो थांबला. त्याच्या बोटांना तो लॅमिनेटचा तुकडा उलटसुलट करताना मी बघत होते. मागची बाजू कोरी होती. मागे गाड्यांची रांग लागली होती. कोणीतरी हॉर्न दिला. त्याने तुकडा परत दिला आणि उतरला.

त्या दिवशी माझी मुदत संपून 9 दिवस झाले होते. हे मला नंतर कळलं, बोटं मोजली तेव्हा.

थायलंडचा नियम असा : मुदत संपल्यावर स्वतःहून विमानतळावर जाऊन देश सोडलात तर दिवसाला 500 बात (बात हे तिथलं चलन) दंड, जास्तीत जास्त 20,000. स्वतःहून निघालात आणि 90 दिवसांच्या आत असलात तर दंडावर भागतं. पण देशातच, रस्त्यात, अटक झाली तर एक वर्षाच्या आतल्या मुदतभंगालाही 5 वर्षं प्रवेशबंदी. 2016 पासून हे असंच आहे. त्या पोराने तारीख मागितली असती, झेरॉक्सवर समाधान मानलं नसतं, तर मी आधी कोठडीत गेले असते आणि मग पाच वर्षांसाठी त्या मुलांच्या दारातून बाद. मागच्या गाडीच्या हॉर्नने वाचवलं म्हणा, की प्रभूने. मंडळीत मी प्रभूने म्हणून साक्ष दिली होती. आज त्या साक्षीत ऑफिसच्या वहीचाही उल्लेख असायला हवा होता, असं वाटतं.

पासपोर्ट मला मिळाला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, चियांग माईच्या बसस्थानकावर, त्याच खाकी पाकिटात. मी उघडून फोटो बघितला, पासपोर्टची शेवटची तारीख बघितली, पुष्कळ वर्षं बाकी होती, ठेवून दिला. शिक्क्यांची पानंही चाळली. पण त्या एकावर एक पडलेल्या शिक्क्यांतला कोणता माझा, कोणती तारीख महत्त्वाची, हेच मला येत नव्हतं. दोन वर्षं स्वतःचा पासपोर्ट हाताळलाच नव्हता तर येणार कुठून? बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर खिडकीतल्या बाईने एक पान उघडलं, बोट ठेवलं आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला : 11,500. तेवीस दिवस. माझ्याकडे 4,000 बात होते. बाकीच्यासाठी आईच्या डोळ्यांसाठी साठवलेले डॉलर मोडले. विमान सुटायला पाऊण तास होता.

संस्थेने ते पैसे पुढे परत केले, क्षमाही मागितली; हे मी मुद्दाम लिहिते. पण शिक्का राहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या देशाच्या व्हिसाचा अर्ज भरताना त्यात प्रश्न होता, तुम्ही पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिला होता का? मी 'होय' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सेविकेने अर्जावर खोटं लिहायचं का?

आता तुमचं म्हणणं. ते मी सगळं ऐकलं आहे, माघारी आल्यावर आपल्याच वडीलमंडळात.

पहिलं म्हणजे, 'कपाटात सुरक्षित राहतो'. मान्य. वसतिगृहात चोरी होते, पावसाने कागद ओला होतो, पोरं सामानाशी खेळतात. मग सेवकाला कुलूपबंद पेटी द्या आणि किल्ली त्याच्या गळ्यात राहू द्या. पत्र्याची ट्रंक आणि कुलूप मिळून किती रुपये? पाठवणीच्या शालीपेक्षा कमी. आणि ऑफिसच्या कपाटालाही आग लागते, पूर येतो, कपाटाची किल्ली घेऊन माणूस गावाला जातो. साक्रीकडचा एक मुलगा दुसऱ्या एका देशात सेवेला होता. त्याला मध्येच परत यायचं ठरलं, तर 'डायरेक्टर परिषदेहून आल्यावर पासपोर्ट मिळेल' असं सांगितलं गेलं. डायरेक्टर आले तीन आठवड्यांनी. तोवर पोरगा रोज सकाळी ऑफिसच्या पायरीवर. त्याला कोणी कोंडलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. फक्त तो निघू शकत नव्हता.

दुसरं, 'व्हिसाच्या कामासाठी मूळ पासपोर्ट लागतो'. लागतो. मग त्या कामापुरता घ्या, तारीख घालून पोच द्या आणि काम झालं की परत द्या. आपण दळणाला डबा देतो तेव्हा गिरणीवाला गहू कायमचा ठेवून घेत नाही. आणि परत आल्यावर सेवकाने पान उघडून शिक्का वाचायला शिकलं पाहिजे : कोणता व्हिसा, कोणत्या कामाचा, कोणत्या तारखेपर्यंत. थायलंडमध्ये धर्मकार्यासाठी 'आर' प्रकारचा वेगळा व्हिसा आहे. काही ठिकाणी घाईत लोकांना पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला लावलं जातं आणि पासपोर्ट ऑफिसात असल्यामुळे त्या बिचाऱ्यांना हे महिनोन्महिने कळतही नाही. उद्या पकडले गेले तर गुन्हा कोणाच्या नावावर लागणार?

तिसरं म्हणणं कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण चहाच्या वेळी बोलतात : 'तरुण पोरं आहेत, हातात पासपोर्ट असला तर पळून जातील, दुसरीकडे नोकरी धरतील.' हेच खरं कारण आहे, असं मला वाटतं. त्याचं उत्तर साधं आहे. सेवेला आलेला माणूस कागदाच्या भीतीने थांबला असेल, तर तो सेवक उरला नाही, तो सालदार झाला. आपल्या नंदुरबारकडून दरवर्षी टोळ्या गुजरातेत ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल आणि मुकादमाकडे ठेवलेलं आधारकार्ड काय करतं, ते तुमच्याच मंडळीतल्या अर्ध्या घरांना विचारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या कामाची अकरा लक्षणं सांगितली आहेत, त्यांत ओळखीची कागदपत्रं काढून ठेवणं हे एक लक्षण आहे. सेवा ही सक्ती नव्हे, हे मलाही कळतं. पण बाहेरून बघणाऱ्या पोलिसाला दोन्हींतला फरक कसा दिसावा? आपण तो दिसेल असं वागलो तरच दिसेल.

आणि चौथं, ज्याने मला सगळ्यात जास्त गप्प केलं, ते वचन. एका वडिलांनी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय उघडला : आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. मी मान खाली घातली. घरी येऊन तेच वचन पुढे वाचलं, तर त्यात लिहिलंय की ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना हिशेब द्यायचा आहे. हिशेब! मग द्या ना हिशेब. पोच द्या, वहीत सही घ्या, तारीख टाका. माझी तक्रार तेवढीच आहे.

वचनांचीच गोष्ट निघाली तर नहेम्याकडे चला. यरुशलेमेला जायचं म्हणून त्याने अर्तहशश्त राजाकडून नदीपलीकडच्या अधिपतींसाठी पत्रं मागून घेतली, मला पलीकडे जाऊ द्यावं म्हणून. आपल्या पवित्र शास्त्रातला हा पासपोर्टच. आणि ती पत्रं नहेम्याने स्वतः नेली, स्वतः अधिपतींच्या हातात दिली. पौल तर आपला आद्य मिशनरी. फिलिप्पैमध्ये फटके खाऊन तुरुंगात रात्र काढल्यावर सकाळी शिपाई म्हणाले, जा गुपचूप. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, ज्यांनी कोंडलं त्यांनीच येऊन आम्हाला बाहेर काढावं. पुढे यरुशलेमेत चाबकासाठी बांधला तेव्हाही त्याने शताधिपतीला आपलं नागरिकत्व सांगितलं आणि चाबूक तिथेच थांबला. पौल विश्वासात कमी होता असं म्हणायची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? प्रभूवर भरवसाही ठेवायचा आणि नागरिकत्वही खिशात ठेवायचं, या दोहोंत त्याला विरोध दिसला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मी वकील नाही, पण वाचून घेतलं आहे. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो माझाही नाही, पण माझ्या हवाली केलेला आहे. तो अटकावून ठेवायचा अधिकार कलम 10 प्रमाणे पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सुरेश नंदा विरुद्ध सीबीआय या खटल्यात सांगितलं की पोलीस तपासात पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो अटकावून ठेवणं हे पासपोर्ट अधिकाऱ्याचंच काम. तीस वर्षं आधी, 1978 मध्ये, मनेका गांधी यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने परदेश प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला होता. सीबीआयला जे कायमचं ठेवता येत नाही, ते आपल्या ऑफिसातल्या कपाटाला ठेवता येतं? तिकडे आखातात, जिथे मालकांनी पासपोर्ट ठेवायची वहिवाटच होती, त्या कतारनेही 2015 च्या कायद्यात ते बंद केलं : कामगाराने लेखी मागितलं तरच मालकाने ठेवायचा, आणि त्याने मागितला की परत द्यायचा. नाहीतर दंड. मंडळ्यांनी कतारच्या मागे राहावं, हे मनाला पटत नाही.

पासपोर्टच्या आत पहिल्याच पानाजवळ राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते : हा बाळगणाऱ्याला अडथळ्याविना जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं. बाळगणाऱ्याला, असं आहे ते. खाकी पाकीट बाळगणाऱ्या ऑफिसला नाही. मी ते वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं ते परत आल्यावर, नवापूर स्टेशनवर बसून. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या स्टेशनावरचा तो बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिकीट खिडकी एका राज्यात आणि स्टेशनमास्तर दुसऱ्या. लहानपणी आम्ही त्या रेघेवर पाय टाकून उड्या मारायचो, इकडून तिकडे, तिकडून इकडे, कोणी कागद विचारला नाही. बहुधा म्हणूनच आपण सीमेची बाब इतक्या हलक्याने घेतो.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. यापुढे मंडळी ज्या संस्थेबरोबर कोणाला पाठवेल, तिच्याकडून पाठवणीच्या आधी एक कागद सहीने घ्या. त्यात एवढंच असावं की पासपोर्ट सेवकाजवळ राहील. व्हिसाच्या कामासाठी घेतला तर लेखी पोच मिळेल आणि काम होताच परत मिळेल. सेवकाने कधीही, कारण न सांगता मागितला तर त्याच दिवशी मिळेल. ज्या संस्थेला ही सही जड जाते, तिच्याबरोबर आपलं लेकरू पाठवायचं की नाही, हे मग वडीलमंडळाने ठरवावं. अमेरिकेतल्या किंवा कोरियातल्या मोठ्या संस्थांपुढे आपण छोटे पडतो, असं वाटून गप्प बसू नका. त्या कोरियन जोडप्याकडे कोणी मागितला नव्हता, हे मी वर लिहिलंच आहे.

सेवकांनीही काही गोष्टी शिकाव्यात आणि मंडळीने शिकवाव्यात. मला कोणी शिकवल्या नाहीत. पासपोर्टचं पहिलं पान, शेवटचं पान म्हणजे आईवडिलांची नावं, पत्ता आणि फाइल क्रमांक असलेलं, आणि चालू व्हिसाचा शिक्का, या तिन्हींच्या झेरॉक्स एक संच आपल्याकडे, एक घरी आणि एक पाळकसाहेबांच्या फाइलीत. मोबाइलमध्ये फोटो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत आली की पुष्कळ देश दारातच थांबवतात, म्हणून निघायच्या आधीच नवा करून घ्यावा. आपल्याला नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रापर्यंत जावं लागो की जवळच्या टपाल कार्यालयातल्या केंद्रात काम होवो, कोंडाईबारी घाट एकदा जास्त उतरलेला परवडतो. परदेशात हरवला तर तिथल्या पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. तिथे नवा पासपोर्ट मिळतो, आणि तातडीने घरी यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. अशा वेळी जुन्या पासपोर्टचा नंबर लागतो. मला माझा नंबर पाठ नव्हता. आता झोपेतही सांगेन. आणि कोणी पासपोर्ट देतच नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, तिथे घरून, नवापूरहून, साक्रीहूनही तक्रार नोंदवता येते. हे मंडळीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? तिथे लग्नपत्रिका लावतोच की आपण.

एक गोष्ट राहिली. दहावी न झालेल्या आपल्या पोरापोरींच्या पासपोर्टवर वेगळी नोंद असते आणि ठरावीक देशांत कामाला जाताना त्यांना आधी सरकारची परवानगी लागते. थायलंड आणि मलेशिया त्या यादीत आहेत. सेवा म्हणजे काम की नाही, हा वाद तुम्ही संस्थेशी आधीच मिटवून घ्या. विमानतळावर तो मिटत नाही.

येत्या जूनमध्ये आपल्याच मंडळीतली एक मुलगी दोन वर्षांसाठी पूर्वेकडच्या एका देशात जाणार आहे. मागच्या रविवारी उपासनेनंतर ती माझ्याकडे आली होती, साड्या किती न्याव्यात ते विचारायला. मी साड्यांचं सांगितलं. मग तिला घरी नेलं. आईने तिच्यासाठी जुन्या नऊवारीच्या कापडाची एक पिशवी शिवून ठेवली होती, आत प्लॅस्टिकचं अस्तर, गळ्यात अडकवायला नाडी. मुलीने ती गळ्यात घालून बघितली, जरा लाजली, म्हणाली, ''मावशी, पण तिथे ऑफिसमध्ये जमा करायचा म्हणालेत.''

पाळकसाहेब, वडीलमंडळी, तिच्या पाठवणीच्या पंगतीत मी आईच्या शेजारी बसणार आहे. यावेळी तो प्रश्न आईला विचारावा लागू नये, तो तुम्ही संस्थेच्या माणसाला आधीच विचारलेला असावा. सही केलेला कागद असेल तर एक झेरॉक्स मला द्या. मी तो त्या पिशवीत पासपोर्टच्या मागे घालून देते.

आपली,
सेवेहून परतलेली एक बहीण
नवापूर, जि. नंदुरबार